खुलासा: श्रूझबरीच्या दुकानांना जहाजांचं लाकूड लावलेलं नाही

इंग्लंडमधल्या श्रूझबरी शहरातल्या ॲबट्स हाउस या जुन्या लाकडी इमारतीचा फोटो सध्या फिरतो आहे. सोबत दोन दावे आहेत: इमारत मोडीत काढलेल्या लढाऊ जहाजांच्या लाकडाची आहे, आणि तळमजल्याच्या जागेवरचा कर चुकवायला वरचे मजले पुढे काढले आहेत.

पहिला दावा चुकीचा आहे. लाकडातल्या वाढीच्या वर्तुळांच्या तपासणीनुसार ही इमारत १४५० च्या दशकातली. ओक तेव्हा ओला असतानाच तासत, कारण वाळला की तो हत्याराला दाद देत नाही; जहाजातलं जुनं, वाळलेलं लाकूड म्हणूनच सोयीचं नव्हतं. तुळईत रिकाम्या खाचा दिसल्या की लोकांना जहाज आठवतं, पण अशा खाचा बहुधा जुन्या घराचं लाकूड पुन्हा वापरल्याच्या किंवा निघून गेलेल्या भिंतीच्या असतात. जहाजांचं लाकूड खरोखर वापरलेलं दुकान हवं असेल तर लंडनचं लिबर्टी पाहा. १९२४ च्या त्या इमारतीत दोन युद्धनौकांचं लाकूड आहे, त्यातली एक ‘हिंदुस्तान’!

कराची गोष्टही निराधार आहे. गल्ली अरुंद, जागा महाग; मजला पुढे काढला की वर खोली मोठी मिळते आणि खालच्या दुकानावर पावसापासून आडोसा होतो.

खरं पाहण्यासारखं तळमजल्यावर आहे. ही खाटकांची आळी, बुचर रो. मध्ययुगीन दुकानांच्या दर्शनी खिडक्या इथे अजून टिकून आहेत. रुंद उंबऱ्यावर माल मांडायचा आणि गिऱ्हाइकाने रस्त्यावरूनच घ्यायचा. फोटो पुढे पाठवताना कृपया हे लिहा.