काकू, पाण्याला मारू नका

आमच्या सायकलिंगच्या ग्रुपमध्ये एक उतरंड आहे, कोणी बोलून दाखवत नाही पण आहे. ट्रायथलॉन म्हणजे एका दमात पोहणं, सायकल आणि पळणं, आणि त्यात ज्याचं अंतर मोठं तो वर. सगळ्यात वर फुल आयर्नमॅन झालेले, मग हाफवाले, मग ऑलिंपिक डिस्टन्सवाले, मग स्प्रिंटवाले, आणि सगळ्यात खाली पायपुसण्याच्या शेजारी ड्युएथलॉनवाले. ड्युएथलॉन म्हणजे पळा, सायकल हाणा, परत पळा. ऐकायला भारी वाटतं पण आतल्या लोकांना त्याचा खरा अर्थ बरोबर कळतो, तो म्हणजे ‘हिला पोहता येत नाही’. मी चार वर्षं ड्युएथलॉनवाली होते. रविवारी बोपदेव घाट चढून आल्यावर चहाच्या टपरीवर कोणीतरी हमखास विचारायचं, "मग काय, यंदा पाण्यात उतरणार का?" आणि मी बन मस्क्यात तोंड घालायचे.

शेवटी यंदा ठरवलं. वय ४४, हाफ मॅरेथॉन धडधाकट पूर्ण करते, सायकलवर दिवसभर बसू शकते, म्हणजे दमसासाचा प्रश्न नाही. आणि स्प्रिंट ट्रायथलॉनमध्ये पोहायचं किती, तर ७५० मीटर. त्याच्याहून लांब मी कोथिंबीर आणायला जाते.

पहिल्या दिवशी सकाळी पावणेसहाला टँकवर पोचले. बाहेर हा भला मोठा बोर्ड, नायलॉनचाच कॉस्चूम पाहिजे, टोपी सक्तीची, आधी शॉवर घ्या, काठावर पळू नका, तेल लावून येऊ नका, वगैरे. (आत शॉवरखाली प्रत्येक बाईच्या डोक्यातून खोबरेल तेल गळत होतं. केस आधी साध्या पाण्याने भिजवून तेल लावलं की क्लोरीन कमी शोषतात म्हणे. बोर्ड बोर्डाच्या जागी, केस केसांच्या जागी.) टोपी घालणं हा वेगळाच कार्यक्रम, त्यात डोकं घालताना भुवया वर जातात आणि पाऊण तास तशाच राहतात, त्यामुळे मी सबंध बॅचभर आश्चर्यचकित दिसते.

कोच म्हणजे तेवीस वर्षांची पोरगी. "काकू, पोहता येतं का?"

काकू! मी आत्ता पळायला लागले तर तुला दोन किलोमीटरात मागे टाकीन, असं मनात आलं, पण कॉस्चूम घालून उभं असताना माणसाचा आवाज फार वर जात नाही. म्हटलं, "थोडं थोडं."

"थोडं थोडं काही नसतं काकू. पोहता येतं नाहीतर येत नाही. थोडं थोडं बुडता येतं."

मग मला साडेतीन फुटांत उतरवलं, आजूबाजूला सहा-सात वर्षांची दहा-बारा पोरं. पहिला आठवडा फक्त बार धरून तोंड पाण्यात घालायचं आणि बुडबुडे काढायचे. श्वास पाण्यात सोडायचा, बाहेर फक्त घ्यायचा. सोपं वाटतं ना? पळताना ती भानगड नसते, हवा सगळीकडे असते, हवी तेव्हा घ्या. इथे मी पाण्यात श्वास धरून ठेवायचे, मग डोकं वर काढलं की तेवढ्या अर्ध्या सेकंदात आधीचा सोडायचा पण आणि नवा घ्यायचा पण, आणि त्या गर्दीत हवेच्या जागी पाणी आत जायचं. कोच म्हणाली तुम्हाला धाप लागते ती हवा कमी पडते म्हणून नाही, जुनी हवा आत कोंडून ठेवता म्हणून. मग विचारलं, "कपालभाती करता का?" मी अभिमानाने म्हटलं, रोज. "ते इथे विसरा."

पाणी किती प्यायले याचा हिशोब नाही. आणि त्यात कुठेतरी वाचलेलं आठवलं की टँकला जो वास येतो ना डोळे चुरचुरवणारा, तो नुसत्या क्लोरीनचा नसतोच, क्लोरीन आणि माणसांचा घाम-बिम यांचं मिळून जे काही तयार होतं त्याचा असतो. यातला घाम मला चालतो. मला काळजी बिमची आहे. बॅचमध्ये सहा वर्षांची दहा-बारा पोरं आहेत आणि त्यातलं एक मध्येच एकदम शांत उभं राहतं.

दुसऱ्या आठवड्यात हातात फ्लोट दिला. फ्लोट पुढे धरायचा, पाय मारायचे, झालं. इथे तरी माझं राज्य, म्हटलं, पाय हेच माझं भांडवल. दण्णादण पाय मारले, मागे कारंजं उडालं, मांड्या पेटल्या, मिनिटभराने डोकं वर काढून बघितलं तर मी जिथून निघाले त्याच्या मागे होते. मागे! शेजारचं गुलाबी टोपीवालं पोरगं फ्लोटला लोंबकळत म्हणालं, "काकू, तुम्ही उलट्या का चाललाय?" खोटं वाटेल पण पळणाऱ्यांचं हे होतं, वर्षानुवर्षं पळून घोटे इतके ताठ झालेले असतात की पाऊल मागे सरळ होतच नाही, पाण्यात ते फावड्यासारखं उभं राहतं आणि पाणी चुकीच्या बाजूला ओढतं. म्हणजे चार वर्षांच्या ट्रेनिंगचं फळ काय, तर रिव्हर्स गिअर.

मला सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. आजवर मला जे काही जमलंय ते सगळं जोर लावून जमलंय. घाट चढत नाही? अजून जोर लावा. शेवटचे तीन किलोमीटर निघत नाहीयेत? दात-ओठ खा. लोणच्याच्या बरणीचं झाकण, ऑफिसातलं अप्रेझल, पोराचा दहावीचा अभ्यास, सगळीकडे हाच फॉर्म्युला. आणि पाणी हवेपेक्षा आठशे पट दाट, तुम्ही वेग दुप्पट करायला गेलात की ते चौपट अडवतं. जितका जोर लावावा तितकी मी खाली जायचे. कोच काठावरून ओरडायची, "काकू, पाण्याला मारू नका! त्याने काय केलंय तुमचं?"

मधल्या काळात आई राहायला आली. आईचं माहेर वाईजवळच्या खेड्यातलं, पाठीला पांगाऱ्याच्या तरंगणाऱ्या लाकडाचा बिंडा बांधून चुलत्यांनी विहिरीत ढकललं आणि तिसऱ्या दिवशी बिंडा सुटला, एवढंच तिचं कोचिंग. मी फी सांगितली तर तिने दोनदा विचारलं, वर्षाची का? एका रविवारी बघायला म्हणून टँकवर आली, पदर खोचून प्लास्टिकच्या खुर्चीत बसली आणि दहा मिनिटांनी अख्ख्या टँकला ऐकू जाईल असं म्हणाली, "तिथे पाय टेकतात का गं?"

"हो आई."

"मग भितेस कशाला?"

"मी भीत नाहीये, ट्रेनिंग चाललंय!"

"देह सोडून दे गं पाण्यात. नुसता सोडून दे. बुडायलासुद्धा कष्ट लागतात." कोच तिच्याकडे अशी बघत होती की आता माझी बॅच आईकडे देते की काय.

या सगळ्याचा राग काढायला कोणीतरी पाहिजे म्हणून मी आयर्नमॅनचं मूळ शोधलं. तर म्हणे हवाईमध्ये कोणी जॉन कॉलिन्स नावाचे नौदलातले अधिकारी होते, तिथे वाद पेटला की जास्त फिट कोण, पळणारे की पोहणारे की सायकलवाले. मग यांनी तोड काढली की तिथल्या तीन वेगवेगळ्या शर्यती एकापाठोपाठ एक करू, ३.८ किलोमीटर समुद्रात पोहणं, १८० सायकल, वर अख्खी मॅरेथॉन. १९७८ साली पंधरा जण निघाले, बारा पोचले. आपल्याकडे हाच वाद झाला असता तर मिसळ मागवून मिटला असता. आणि पोहणं पहिलं का? शेवटी ठेवलं तर दमलेली माणसं पाण्यात बुडतील म्हणून. हे वाचून मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण मी न दमताच बुडत होते त्याचं काय.

ग्रुपवर सल्ल्यांना तोटा नव्हता. गोव्यात २०१९ पासून मिरामारला हाफ आयर्नमॅन होते, तिथे जाऊन आलेले एक काका रोज धीर देतात, समुद्रात सोपं असतं गं, मिठामुळे माणूस वर तरंगतो. मिठात घातलेल्या कैरीच्या फोडीपण बरणीच्या तळाशीच बसतात काका, असं मी टाइप केलं आणि डिलीट केलं.

तिसऱ्या महिन्यात एक दिवस असा आला की आदल्या रात्री ऑफिसचा कॉल दीडपर्यंत चालला, झोप साडेतीन तास, अंगात काही म्हणून काही नव्हतं. गेले कशाला, तर फी भरली होती. पाण्यात पडले आणि जोर लावायला जोरच नव्हता. हात आपला जाईल तिथे जातोय, पाय पाठीमागे कुठेतरी हलतायत, डोकं इतकं जड की वर उचलायचाही कंटाळा, तोंड नुसतं बाजूला वळवलं, हवा आली, घेतली. खाली फरशीवरची काळी रेघ बघत होते आणि मनात एवढंच की डब्याला भेंडी करावी की गवार, गवार निवडायला वेळ जातो. मग बोटं कशाला तरी धडकली. बघते तर भिंत. पलीकडची, नऊ फुटांची.

कोच धावत आली नाही, नुसती वाकून म्हणाली, "आज काय केलंत काकू?"

"काहीच नाही."

"तीन महिने तेच तर सांगतेय!"

पंचवीस मीटर. अशा तीस फेऱ्या झाल्या की ७५०. ते गणित डोक्यात यायच्या आत मी शिडीवरून वर आले, कारण मोबाईल आणि टॉवेल पलीकडच्या टोकाला होते आणि आईला फोन केल्याशिवाय राहवत नव्हतं, आणि मग मला जे येतं तेच मी केलं. ओल्या फरशीवर जेमतेम सहा पावलं टाकली असतील, तेवढ्यात लाइफगार्डची शिट्टी वाजली.

"ओ काकू! पळायचं नाही! बाहेरचा बोर्ड वाचला नाही का?"