भरलेली पोती काठावर टाकून कुठे जाता?

डोकं फिरलंय माझं, म्हणून लिहितेय. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी नवी मुंबईत नेरूळच्या खाडीकाठी सफाई मोहीम होती. कॉलेजची पोरं सकाळी वेळेवर हजर होती आणि जीव तोडून राबली. त्यांच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही मला. तिवरांची, म्हणजे खाडीतल्या खारफुटीच्या झाडांची, मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात. त्यांत अडकलेली पिशवी ओढली की वरची चिंधी हातात येते आणि बाकीची मुळांभोवती तशीच राहते. मग वाकून, एकेक मूळ धरून, बोटांनी सोडवत बसावं लागतं. चिखलात हवा नसते, झाड श्वास घेतं ते याच मुळांतून. त्यांवर प्लास्टिकचा थर बसला की झाड गुदमरतं. पोरांनी गुडघाभर चिखलात उभं राहून हे काम केलं. मखरांचे थर्माकोल, गाठ मारून फेकलेलं निर्माल्य, गुटख्याच्या पुड्या, चपला, सगळं वेचून पोत्यांत भरलं, तोंडं बांधली आणि धक्क्याशी रचून ठेवलं.

मग पाहुणे आले. उशिरा. पोत्यांसमोर बॅनर धरून फोटो झाले, भाषण झालं, पाण्याच्या छोट्या छोट्या प्लास्टिकच्या बाटल्या वाटल्या (सफाई मोहिमेत!), आणि सगळे आपापल्या गाडीत बसून निघून गेले. पोती तिथेच. का, तर म्हणे 'गाडी येणार आहे'. कुठली गाडी, कोणाला सांगितलंय, किती वाजता येणार? आयोजकांपैकी एकालाही सांगता येईना.

कोळीवाड्यातले एक काका जाळं नीट करत बसले होते. त्यांनी सगळे निघायच्या आधीच आयोजकांना सांगितलं होतं, "साहेब, आज पुनव हाय. बाराच्या आत ही पोती उचला, पानी इथवर येतंय." साहेबांनी मान डोलावली आणि मोबाईलमध्ये फोटो बघत बसले.

अहो, अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस म्हणजे पौर्णिमाच! पौर्णिमेला-अमावास्येला उधाण असतं आणि आपल्या इकडे ती भरती दुपारी बाराच्या आसपास चढते. भरती-ओहोटीच्या वेळा कधीच्या छापून आलेल्या असतात. मोहीम ठरवताना पाहुण्यांची वेळ विचारलीत, खाडीची का नाही विचारलीत?

दुपारी जाऊन पाहिलं. गाडीचा पत्ता नव्हता. खालची पोती पाण्यात गेली होती, काहींची तोंडं सुटली होती आणि थर्माकोलचे पांढरे तुकडे तरंगत पुन्हा त्याच तिवरांत शिरत होते. रडू आलं मला. पोरांची अख्खी सकाळ पाण्यात गेली, आणि हा थर्माकोल आता चुरा होऊन चिखलात मिसळणार. तो चुरा कोण वेचणार? याच चिखलात निवट्यांसारखे मासे आणि चिंबोऱ्या (खेकडे) राहतात, तिवरांच्या आडोशाला कोळंबीची पिल्लं वाढतात, थंडीत फ्लेमिंगो इथेच चरायला उतरतात. याच ठाणे खाडीच्या पश्चिम काठाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये खाडीला महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारा आंतरराष्ट्रीय रामसर दर्जा मिळाला. तेव्हा अभिमानाने मेसेज फिरवणारे आपणच, आणि वाशीच्या पुलावर गाडी थांबवून निर्माल्याची पिशवी खाली भिरकावणारेही आपणच. देवाला वाहिलेली फुलं प्लास्टिकसकट कोळ्याच्या जाळ्यात टाकताना लाज कशी वाटत नाही? राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर २०१८ पासून बंदी आहे, तरी बाजारात भाजीवाल्याकडे पिशवी मागताना आपली जीभ अडत नाही.

पण फेकणाऱ्यांपेक्षा जास्त राग मला या आयोजकांचा आलाय, कारण यांना सगळं कळतं. पोती उचलणं हे काम नाही, पोती भरणं तेवढं काम, असं यांनी कधी ठरवलं? आता पुढच्या मोहिमेचा मेसेज ग्रुपवर आलाय, 'जास्तीत जास्त संख्येने या' म्हणून. मी खाली लिहिलंय: त्या दिवशी ओहोटी किती वाजता आहे, पोती न्यायला कुठली गाडी येणार आहे, तिच्या ड्रायव्हरचा फोन कोणाकडे आहे आणि शेवटचं पोतं गाडीत चढेपर्यंत तुमच्यापैकी कोण थांबणार आहे, ते आधी इथे लिहा. अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.