‘आफ्टर’ ट्रिगर कमिटनंतर चालत नाही

एक सल्ला बरीच वर्षं फिरतोय. तो साधारण असा: ‘टेबलात नोंद पडली की बाहेरचा प्रोग्राम चालवायचाय? आफ्टर इन्सर्ट ट्रिगर लिहा आणि त्यातूनच स्क्रिप्ट चालवा. नोंद तोवर सेव्ह झालेली असते. प्रोग्राम त्याच क्षणी चालतो, पोलिंगची कटकट नाही. वेळ लागला तर स्क्रिप्ट बॅकग्राउंडला टाका, नाहीतर सी भाषेत लिहा.’ ऐकायला सुटसुटीत आहे. म्हणूनच तो इतका फिरतो. (ट्रिगर म्हणजे टेबलात बदल झाला की डेटाबेस आपोआप चालवतो तो कोड; पोलिंग म्हणजे नवी नोंद आली का हे ठरावीक वेळाने बघत राहणं.)

‘नोंद तोवर सेव्ह झालेली असते.’ सगळी गोम इथे आहे. आफ्टर म्हणजे रोमध्ये (टेबलातल्या नोंदीत) बदल झाल्यानंतर. ट्रान्झॅक्शन (एकत्रच पक्के किंवा रद्द होणारे बदल) कमिट, म्हणजे पक्कं, झाल्यानंतर नव्हे. ट्रिगर त्याच ट्रान्झॅक्शनच्या पोटात चालतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमधला डिफर्ड (मागे ढकललेला) ट्रिगर कमिटच्या वेळेपर्यंत लांबवता येतो, पण तोही कमिट पूर्ण व्हायच्या आधीच चालतो.

याचा परिणाम प्रत्यक्ष बघा. ऑर्डर्स टेबलात ४१ क्रमांकाची ऑर्डर पडली. ट्रिगरने पायथन स्क्रिप्ट चालवली, तिने पावतीची पीडीएफ बनवली आणि ‘पावती तयार’ हा कॉलम बदलायला स्वतःचं नवं कनेक्शन उघडलं. या नव्या कनेक्शनला ४१ दिसतच नाही, कारण ती अजून कमिट झालेली नाही. अपडेट चालतं, शून्य रो बदलतात, एरर येत नाही. स्क्रिप्ट खुशीत संपते आणि कॉलम कोराच राहतो.

हाच ट्रिगर अपडेटवर असेल तर आणखी वाईट. आता रो जुन्या रूपात दिसतो, पण त्यावर पहिल्या सेशनचं, म्हणजे मूळ कनेक्शनचं, लॉक आहे; ते सुटेपर्यंत दुसरं कोणी तो रो बदलू शकत नाही. स्क्रिप्ट लॉक सुटायची वाट बघते, लॉक धरणारं सेशन स्क्रिप्ट संपायची वाट बघतं. डेडलॉक आहे ना, मग डेटाबेस सोडवेल? नाही सोडवणार. पोस्टग्रेस लॉकसाठी एक सेकंद थांबल्यावर डेडलॉक शोधतो खरा, पण त्याला फक्त लॉकची साखळी दिसते. पहिलं सेशन कुठल्याच लॉकसाठी थांबलेलं नाही, ते बाहेरच्या प्रोसेससाठी थांबलंय. साखळी अर्धीच दिसते, त्यामुळे कोणी हात घालत नाही. टाइमआउट लावलेला नसेल तर हा प्रकार कोणीतरी सेशन मारेपर्यंत तसाच राहतो.

आणि रोलबॅक झाला, म्हणजे ट्रान्झॅक्शन रद्द झालं, तर? रो परत जातो, पण स्क्रिप्टने ग्राहकाला मेल पाठवला असेल तर तो परत येत नाही. ट्रान्झॅक्शन पुन्हा चालवलं की दुसरा मेल जातो.

‘त्याच क्षणी चालतो’ हे खरं आहे, आणि हाच त्रास आहे. स्क्रिप्टला २०० मिलिसेकंद लागतात असं धरा. एका रोला ते जाणवणार नाही. कोणी एकाच आज्ञेत १०,००० रो टाकले की फॉर ईच रो (दर रोला चालणारा) ट्रिगर १०,००० वेळा चालणार: २,००० सेकंद, म्हणजे ३३ मिनिटं. तितका वेळ लॉक धरलेले, आणि पोस्टग्रेस असेल तर व्हॅक्यूमही (जुन्या रोंची साफसफाई) अडून बसलेला. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये उलटी गंमत आहे. तिथे ट्रिगर दर आज्ञेला एकदाच चालतो, त्यामुळे एकच रो गृहीत धरून लिहिलेला ट्रिगर १०,००० पैकी एकाचंच काम करून मोकळा होतो.

‘बॅकग्राउंडला टाका.’ यामुळे ट्रिगर लगेच सुटतो, पण आता प्रोग्राम आणि कमिट यांची शर्यत लागते. एका स्क्रिप्टची पहिलीच ओळ मी ‘स्लीप २’ अशी पाहिली आहे. लिहिणाऱ्याला दुखणं कळलं होतं, औषध मात्र हे. दोन सेकंदांपेक्षा मोठं ट्रान्झॅक्शन आलं की ती शर्यत हरणारच. शिवाय बॅकग्राउंडला प्रोग्राम मेला तर ते डेटाबेसला कळत नाही.

‘सी भाषेत लिहा’ याने वाट बघण्याचा वेळ कमी होत नाही. मेल सर्व्हर भाषा बघून लवकर उत्तर देत नाही. उलट पोस्टग्रेसच्या प्रोसेसमध्ये लोड केलेलं सी फंक्शन कोसळलं, तर सर्व्हर बाकीची सगळी सेशनही तोडतो आणि रिकव्हरी करून पुन्हा उभा राहतो.

परवानग्यांबद्दल सल्ल्यात चकार शब्द नाही. असा प्रोग्राम बहुधा डेटाबेस सर्व्हरच्याच ऑपरेटिंग सिस्टिमच्या खात्यावर चालतो, आणि रोमधला मजकूर जसाच्या तसा शेलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमला दिलेल्या) आज्ञेत चिकटवला की नावाच्या रकान्यात कोणीही आज्ञा लिहू शकतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये अशा आज्ञा चालवणारं एक्सपी_सीएमडीशेल २००५च्या आवृत्तीपासून मुळातच बंद असतं, ते उगाच नाही.

राहिलं पोलिंग. बदल टिपायला ट्रिगर ही चांगली जागा आहे, हे मला मान्य आहे. ॲपमधून आला काय, कोणी हाताने केला काय, बदल सहसा सुटत नाही. फक्त ट्रिगरने काम करू नये, कामाची चिठ्ठी टाकावी. एका वेगळ्या टेबलात ‘४१ ची पावती बाकी’ असा रो टाकायचा. तो त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये असल्याने रोलबॅक झाला की चिठ्ठीही जाते. सोबत पोस्टग्रेसचं नोटिफाय, म्हणजे दुसऱ्या कनेक्शनला निरोप देणारी आज्ञा, वाजवायचं. ते कमिट झाल्यावरच ऐकणाऱ्याकडे पोचतं, आणि एकाच ट्रान्झॅक्शनमधले तेच ते निरोप एकदाच जातात. पण त्याच्यावर सगळा भार टाकू नका: निरोपाचा मजकूर ८,००० बाइटच्या आतच लागतो, आणि ऐकणारा त्या वेळी जोडलेला नसेल तर निरोप गेला. ती नुसती घंटा आहे, काम टेबलात आहे. म्हणून वर्कर, म्हणजे चिठ्ठ्या उचलून काम करणारा वेगळा प्रोग्राम, सुरू होताना आणि मधूनमधून टेबल बघतोच. ओरॅकल डेटाबेसच्या जुन्या डीबीएमएस_जॉबने (कामं रांगेत लावणाऱ्या सोयीने) ट्रिगरमधून टाकलेलं कामही कमिट झाल्यावरच सुरू होतं.

वर्कर अनेक असतील तर पोस्टग्रेसमध्ये ९.५ आवृत्तीपासून असलेलं फॉर अपडेट स्किप लॉक्ड वापरा, म्हणजे एकाने धरलेली चिठ्ठी दुसरा ओलांडून पुढे जातो. चिठ्ठीवर ‘घेतली’ अशी वेळेसह खूण करून कमिट करा आणि मगच संथ काम सुरू करा, नाहीतर ट्रिगरमधलं दुखणं वर्करमध्ये आलं. मेल पाठवून ‘झाली’ अशी खूण करण्याआधी वर्कर मेला तर तीच चिठ्ठी पुन्हा उचलली जाईल. तेव्हा मेलसोबत चिठ्ठीचा क्रमांक नोंदवून दुसऱ्यांदा पाठवणं टाळायचा प्रयत्न करा.

ट्रिगरमधून दुसऱ्या भाषेतला कोड कधीच चालवू नये, असं मात्र मी म्हणणार नाही. मजकुराचा हॅश (त्यावरून मोजलेला ठरावीक लांबीचा ठसा) काढणं किंवा एखादा नंबर तपासणं, असं बाहेर कशालाच हात न लावणारं छोटं काम पीएल/पायथनमध्ये (पोस्टग्रेसच्या आतच चालणाऱ्या पायथनमध्ये) बिनधास्त करा. रोलबॅक झाला तर हॅशही रोसोबतच जातो.