‘ईआर पॉझिटिव्ह’ म्हणजे कॅन्सर पसरला? कुणी सांगितलं?

मावशीने मागच्या आठवड्यात स्तनाच्या कॅन्सरवरची टॅमॉक्सिफेनची गोळी बंद केली. चार दिवस, कुणाला एक शब्द न सांगता. कारण काय, तर फॅमिली ग्रुपवर आलेला फॉरवर्ड, ‘कॅन्सर रिपोर्टमधले शब्द जे डॉक्टर लपवतात’, खाली हात जोडलेले इमोजी आणि ‘एक शेअर एक जीव’. पाठवणाऱ्या काकांना विचारलं तर म्हणे मी कुठे लिहिलंय, आलं तसं पुढे ढकललं. बरं. मग आता एकेक बघूच.

सगळ्यात भारी शोध हा: ‘ईआर पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर अंगभर पसरलाय, आता गोळ्या घेऊन उपयोग नाही.’ अहो, बरोब्बर उलटं आहे! ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर. स्तनाच्या कॅन्सरच्या पुष्कळ गाठींमधल्या पेशींत इस्ट्रोजेन हार्मोनला पकडून ठेवणारी प्रथिनं असतात, आणि त्या हार्मोनवर त्या पेशी पोसतात. बायोप्सीच्या तुकड्यात ती प्रथिनं सापडली की रिपोर्टवर पॉझिटिव्ह लिहितात, बास. कोविडच्या पॉझिटिव्हसारखं हे नाही, आणि कॅन्सर कुठवर गेलाय हे तर त्या शब्दात कुठेच नाही. टॅमॉक्सिफेन जाऊन इस्ट्रोजेनची ती जागाच अडवून बसतं, म्हणजे पॉझिटिव्ह असेल तरच या गोळीला काही काम आहे.

हे माझं मत नाही हां. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २० ट्रायल्समधल्या २१ हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र करून २०११ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली. ईआर पॉझिटिव्ह असलेल्यांनी साधारण ५ वर्षं टॅमॉक्सिफेन घेतलं तर पुढच्या १५ वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू होण्याचं प्रमाण जवळपास एक तृतीयांशाने कमी झालं, आणि ईआर निगेटिव्ह असलेल्यांना फारसा फायदा दिसला नाही. म्हणजे या महाशयांनी जिला गोळी सोडायला सांगितली नेमकी तिलाच ती लागू पडते. आणि यांच्या हिशोबाने ‘ट्रिपल निगेटिव्ह’ आलं तर पेढेच वाटायला पाहिजेत, नाही का? प्रत्यक्षात ट्रिपल निगेटिव्ह म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोन्सचे रिसेप्टर आणि हर-टू नावाचं प्रथिन, तिन्ही निगेटिव्ह, त्यामुळे त्या प्रकारात हार्मोनच्या गोळ्याही चालत नाहीत आणि हर-टू वरची औषधंही, म्हणून तिथे डॉक्टरांच्या हातातले पर्याय कमी होतात.

दुसरं, ‘ग्रेड ३ म्हणजे तिसरी स्टेज, पुढची शेवटची’. मावशी हे वाचून रात्रभर जागी. तिची गाठ पावणेदोन सेंटिमीटरची होती, काखेतल्या लिम्फ नोड्समध्ये काही नव्हतं, म्हणजे स्टेज पहिली आणि ग्रेड तिसरा, दोन्ही एकाच कागदावर! स्टेज म्हणजे गाठ केवढी, नोड्सपर्यंत गेली का, दुसऱ्या अवयवात पोचली का. ग्रेड म्हणजे मायक्रोस्कोपखाली पेशी नेहमीच्या पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात आणि किती भराभर विभागतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ग्रेड तीनपर्यंतच असतो, त्यामुळे ‘पुढची शेवटची’ हा प्रश्नच येत नाही. आता ग्रेड ३ काहीच नाही असं मी म्हणणार नाही, त्या पेशी जोरात वाढतात, आणि तिला केमो द्यायची हे ठरवताना डॉक्टरांनी तेही धरलं होतं.

‘बायोप्सी केली की कॅन्सर पसरतो.’ इथे नाइलाजाने अर्धा मार्क देतो. लिव्हरच्या गाठीत सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याच्या केसेस आहेत, पण थोड्या, आणि अंडकोषात कॅन्सरचा संशय असेल तर डॉक्टर स्वतःच तिथे बाहेरून सुई घालत नाहीत, जांघेतून ऑपरेशन करून तो काढूनच तपासतात. म्हणजे धोका कुठे आहे हे त्यांना माहितीये. स्तनाच्या गाठीला ते चिकटवायचं कारण नाही, आणि बायोप्सी केलीच नसती तर ईआर कळलं कशावरून असतं?

‘पॅलिएटिव्ह लिहिलं की डॉक्टरांनी हात वर केले’, हेही खोटं. दुखणं, उलट्या, धाप, झोप यावरचे उपचार म्हणजे पॅलिएटिव्ह केअर, ती बरं करायच्या ट्रीटमेंटसोबतही चालते.

मावशीने शेवटी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले बुडलेल्या गोळ्या भरून काढायला डबल घेऊ नका, आजपासून रोजच्यासारखी एक चालू करा. रात्री नऊचा अलार्म आता माझ्याही मोबाईलवर लावलाय.