लेब्रॉनला चार शूटर पुरतात? मग हे सामने पुन्हा बघा

अमेरिकेच्या NBA लीगमधला बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्स याच्यावरून वाद पेटला की एक वाक्य हमखास येतं: "त्याच्याभोवती चार शूटर उभे करा, बाकीचं तो बघून घेतो." हल्ली या वाक्याची लांबलचक आवृत्ती मेसेज होऊन ग्रुपाग्रुपांतून फिरते आहे, पाच मुद्द्यांसकट. लेब्रॉनची जेतेपदं शूटरांनी, म्हणजे लांबून बॉल टाकण्यात तरबेज खेळाडूंनी, मिळवून दिली. बॉल हातात ठेवणारा दुसरा कोणी आला की त्याचा खेळ आखडतो. उंच सेंटर रिंगखालची जागा अडवून बसतो. बचावाचं लेब्रॉन एकटा सांभाळतो. आणि रसेल वेस्टब्रुक हा गार्ड (बॉल पुढे नेणारा खेळाडू) आल्यावर लेब्रॉनच्या लेकर्स टीमचं जे झालं, तो या सगळ्याचा पुरावा. शेवटी 'आदर्श टीम'ही दिलेली असते: लेब्रॉन आणि थ्री (लांबून मारलेला तीन गुणांचा फटका) मारणारे चौघे.

वाचताना पटतं, कारण यातलं बरंच खरं आहे. लेब्रॉन रिंगकडे निघाला की बचावातले दोघे-तिघे त्याच्याकडे ओढले जातात आणि पुढच्या क्षणी समोरच्या कोपऱ्यात मोकळ्या उभ्या असलेल्या माणसाच्या बरोबर छातीवर पास येतो. तो पास सगळ्या लीगला वीस वर्षं माहीत आहे आणि तरी कोणाला अडवता येत नाही. तेव्हा शूटर हवेतच, त्यावर दुमत नाही. पण तेवढ्यावर भागतं का?

पहिला मुद्दा जेतेपदांचा. 2016 ची फायनल, सातवा सामना, ओकलंड. लेब्रॉन तेव्हा क्लीव्हलँडचा, समोर त्या हंगामात 73 सामने जिंकलेले वॉरियर्स. आपल्याकडे सोमवारची पहाट होती, साडेपाचला सामना सुरू झाला आणि अनेकांनी त्या दिवशी ऑफिसला उशीर केला. त्या सामन्यात क्लीव्हलँडने 25 थ्री मारले, त्यातले 6 आत गेले. वॉरियर्सचे 41 पैकी 15. म्हणजे नुसत्या थ्रीच्या हिशेबात क्लीव्हलँड 27 गुणांनी मागे, आणि तरी सामना 93-89 असा जिंकला. कसा? 25 फ्री थ्रोपैकी 21 आत घालून, रिंगजवळ धक्के खाऊन, आणि शेवटची साडेचार मिनिटं वॉरियर्सला एकही गुण न देऊन. शूटरांचा तो दिवसच नव्हता. शूटिंगवर उभ्या केलेल्या टीमला असा दिवस कधी ना कधी बघावाच लागतो, आणि तो सातव्या सामन्यात आला तर दुसरं काहीतरी हाताशी लागतं.

यावर 2013 चं उदाहरण तोंडावर मारलं जातं: "मग रे ॲलनचा तो थ्री?" ठीक आहे, तोच घेऊ. मायामी, फायनलचा सहावा सामना; लेब्रॉन तेव्हा मायामीचा, समोरचे स्पर्स तीन गुणांनी पुढे. ट्रॉफीच्या समारंभासाठी कोर्टाभोवती पिवळी दोरी लावायला माणसं उभी राहिली होती. थ्री लेब्रॉनने मारला आणि तो हुकला. स्पर्सने टिम डंकन या आपल्या उंच माणसाला त्या वेळी बेंचवर बसवलं होतं. रिबाउंड (हुकून परत आलेला बॉल) मायामीच्या उंच ख्रिस बॉशने वर उडी मारून खेचला, उजव्या कोपऱ्याकडे उलट्या पावलांनी सरकणाऱ्या ॲलनकडे फेकला, आणि 5.2 सेकंद उरलेली असताना 95-95. व्हिडिओच्या पहिल्या तुकड्यात सगळे ॲलनचे पाय बघतात. मी म्हणतो, एकदा फक्त बॉशकडे बघत तो व्हिडिओ लावा. जादा वेळेच्या शेवटी डॅनी ग्रीनचा कोपऱ्यातला थ्री अडवला तोही बॉशनेच. 103-100. बॉशऐवजी तिथे चौथा शूटर असता तर तो रिबाउंड कोणाच्या हातात गेला असता?

(सातव्या सामन्यात शेन बॅटियेने आठपैकी सहा थ्री घातले आणि बॉशचे गुण शून्य, हे माहीत आहे. बॅटिये पुढे येतोच आहे.)

उलट, शूटर होते आणि तरी बुडाले, असे हंगामही आहेत. 2008-09 मध्ये क्लीव्हलँडने 66 सामने जिंकले. मो विल्यम्स, डेलाँटे वेस्ट, बेंचवर वॉली झर्बियाक: मेसेजमधल्या टीमच्या बऱ्यापैकी जवळची टीम. ओरलँडोविरुद्ध कॉन्फरन्स फायनलमध्ये (फायनलआधीच्या फेरीत) लेब्रॉनने सामन्यामागे 38.5 गुण केले. यापेक्षा जास्त एका माणसाकडून काय मागणार? क्लीव्हलँड 4-2 ने हरलं. सहाव्या सामन्यात ड्वाइट हॉवर्डने 40 गुण काढले, कारण त्याला आत थोपवायला कोणी नव्हतं. 2018 ची कथा अजून वाईट: काइल कोर्व्हर, जे. आर. स्मिथ, केव्हिन लव्ह असे एकाहून एक शूटर, आणि बचाव लीगमध्ये 29वा. तीस टीममध्ये 29वा. फायनलच्या पहिल्या सामन्यात लेब्रॉनने 51 गुण केले तरी सामना गेला, मालिकाही 4-0 ने गेली.

दुसरा मुद्दा, बॉल त्याच्याच हातात हवा. याला फार शब्द लागत नाहीत. त्याच 2016 च्या सातव्या सामन्यात 89-89 वर दोन्ही टीम अडकल्या होत्या, तेव्हा 53 सेकंद उरलेले असताना वॉरियर्सच्या स्टेफ करीच्या डोक्यावरून थ्री मारला क्लीव्हलँडच्या गार्ड कायरी अर्व्हिंगने. स्वतः ड्रिबल करून, स्वतः जागा काढून. त्या मालिकेच्या पाचव्या सामन्यात लेब्रॉन आणि अर्व्हिंग दोघांनीही 41-41 गुण केले होते. म्हणजे एकाने दुसऱ्याचा खेळ दाबला असं काही दिसलं नाही. 2020 मध्ये लेकर्सने डेन्व्हरविरुद्ध दुसरा सामना शेवटच्या फटक्यावर जिंकला, तो पास राजाँ राँडोचा आणि थ्री अँथनी डेव्हिसचा. लेब्रॉनचा त्यात हात नव्हता. राँडोला शूटर कोणी म्हणत नाही. तोच राँडो मायामीविरुद्धच्या फायनलच्या अखेरच्या सामन्यात बेंचवरून येऊन 19 गुण करून गेला. आणि मायामीचा ड्वेन वेड? त्याची थ्रीची टक्केवारी सगळ्या कारकिर्दीत तिशीच्या आत. मेसेजच्या निकषावर वेड टीममध्ये बसतच नाही. लेब्रॉनबरोबर त्याने दोन जेतेपदं घेतली.

शेवटच्या दोन मिनिटांत बचाव काय करतो ते बघा. लेब्रॉनच्या अंगावर दोघे सोडतो आणि बॉल त्याच्या हातातून काढून घेतो. मग तो ज्याच्याकडे जातो त्याने काहीतरी करायला हवं. नुसता उभ्या जागी मारणारा शूटर असेल तर त्याच्याकडे एकच पर्याय असतो: मारा, आत जाईल किंवा जाणार नाही. 2020 च्या फायनलचा पाचवा सामना आठवा. लेकर्स एका गुणाने मागे, लेब्रॉन चाळीस गुण करून बसलेला. तो आत घुसला, बचाव त्याच्यावर कोसळला, त्याने बॉल बाहेर डॅनी ग्रीनला दिला. रिंगच्या समोर, पूर्ण मोकळा. मेसेजमधली स्वप्नातली पझेशन (बॉल हातात असतानाची चाल) ती हीच. ग्रीनचा थ्री हुकला आणि मायामीने सामना काढला. ग्रीनला त्यावरून जे काही ऐकावं लागलं ते लाजिरवाणं होतं. मोकळा थ्री चांगल्या शूटरचाही दहातून सहा वेळा हुकतो.

तिसरा मुद्दा, सेंटरचा. इथे मेसेज लिहिणारा 2025 च्या एप्रिलमध्ये झोपला होता असंच म्हणावं लागेल. त्या फेब्रुवारीत लेकर्सने डेव्हिस देऊन लुका डाँचिच घेतला. मग मार्क विल्यम्स हा सेंटर आणायला गेले, पण वैद्यकीय तपासणीवरून तो ट्रेडच (अदलाबदलच) रद्द झाला. उरले लुका, लेब्रॉन, ऑस्टिन रीव्ह्ज, रुई हाचिमुरा, डोरियन फिनी-स्मिथ: पाचही बाहेरून मारणारे, रिंगखाली भरवशाने उभा राहणारा एकही नाही. हाच तो प्रयोग, आणि वर लुकासारखा दुसरा सुपरस्टार फुकट. मिनेसोटाने पहिल्याच फेरीत 4-1 ने घरी पाठवलं. पाचव्या सामन्यात मिनेसोटाने 47 थ्री मारून फक्त 7 घातले, इतकी वाईट नेमबाजी, आणि तरी जिंकले. रूडी गोबेअरने 27 गुण आणि 24 रिबाउंड घेतले. चोवीस! हुकलेला प्रत्येक दुसरा बॉल त्याच्याच हातात जात होता. चार वाढपी आणि आचारी एकही नाही अशी ती पंगत होती.

आता, कुठलाही सेंटर चालतो असंही नाही. 2020 च्या शेवटच्या सामन्यात लेकर्सने ड्वाइट हॉवर्डला सुरुवातीच्या पाचातून काढून अ‍ॅलेक्स करुसोला उतरवलं आणि डेव्हिसला सेंटर केलं. मायामीनेही 2012 पासून बॉशला तिथेच खेळवलं. हवा असतो तो असा उंच माणूस, जो रिंग राखतो, पिक-अँड-रोलवर (साथीदार अडसर बनून बॉलवाल्याला वाट करून देतो ती चाल) बाहेर येऊन छोट्या गार्डपुढेही पाय हलवतो आणि बचावाने सोडलं तर बाहेरून मारूही शकतो. असे खेळाडू दुर्मीळ असतात. म्हणूनच लेब्रॉनच्या चारपैकी तीन जेतेपदांत त्यांची किंमत शूटरपेक्षा जास्त होती.

चौथा, बचाव तो एकटा सांभाळतो. सांभाळायचा. 2009 ते 2013 तो सलग ऑल-डिफेन्सिव्हच्या (हंगामातल्या सर्वोत्तम बचावपटूंच्या) पहिल्या संघात होता, 2014 मध्ये दुसऱ्या, आणि त्यानंतर एकदाही नाही. जन्म 1984 चा आहे, बाबांनो. 2016 च्या सातव्या सामन्यात वॉरियर्सच्या इग्वोडालाचा फटका लेब्रॉनने अडवला तो ब्लॉक सगळ्यांना पाठ आहे, पण इग्वोडालाला हवेत बॉल खाली घेऊन पुन्हा वर न्यायला लावलं ते जे. आर. स्मिथने, त्या अर्ध्या सेकंदात लेब्रॉन मागून पोचला. 2020 चे लेकर्स थ्रीच्या टक्केवारीत लीगच्या खालच्या अर्ध्यात होते आणि बचावात पहिल्या तिघांत. कप त्यांनी नेला.

राहिला वेस्टब्रुक. 2021-22 मध्ये लेकर्स 33-49, हे खरं. शूटिंग नसलेला गार्ड लेब्रॉनशेजारी अवघड जातो, हेही मान्य. पण त्या टीममध्ये मलिक मंक होता, कार्मेलो अँथनी होता, वेन एलिंग्टन होता. शूटर होतेच की! नव्हते ते बचावात चिवट असलेले कॅल्डवेल-पोप आणि करुसो. पहिला वेस्टब्रुकच्या ट्रेडमध्ये गेला, दुसऱ्याला शिकागोला जाऊ दिलं. आदल्या वर्षी लीगमध्ये पहिला असलेला बचाव त्यांच्यामागोमाग गेला, आणि डेव्हिस दुखापतींमुळे 40 च सामने खेळला. कॅल्डवेल-पोपने 2023 मध्ये डेन्व्हरला आणि करुसोने 2025 मध्ये ओक्लाहोमाला जेतेपद मिळवून द्यायला हातभार लावला. लेकर्सने कोणाला सोडलं, याचा हिशेब मेसेजमध्ये कुठेच नाही.

मग माझे चार? लेब्रॉनबरोबर प्रत्यक्ष खेळलेल्यांतूनच निवडायचे तर पहिला अर्व्हिंग, 2016 चा. दुसरा डेव्हिस, 2020 चा. बॉशला बाहेर ठेवताना जीव तुटतो, पण रिंग राखण्यात डेव्हिस सरस. तिसरा कॅल्डवेल-पोप, समोरच्या टीमच्या सगळ्यात वेगवान गार्डमागे 35 मिनिटं धावायला. चौथा बॅटिये. तो शूटर आहे म्हणून नव्हे. मायामीत डेव्हिड वेस्टसारख्या दांडग्या फॉरवर्डच्या कोपरांचा मार तो खायचा, आणि लेब्रॉनचं अंग चौथ्या क्वार्टरसाठी राखलं जायचं. वेडला बेंचवर बसवतोय, त्यावरून शिव्या पडणार हे धरूनच चाललोय.

केव्हिन लव्ह का नाही, असं कोणीतरी विचारणारच. 2016 च्या सातव्या सामन्यात त्याने करीला बाहेर अडवलं ती पझेशन लाजवाब होती. पण त्याच फायनलच्या तिसऱ्या सामन्यात डोक्याला मार लागल्यामुळे लव्ह बाहेर होता, त्याच्या जागी रिचर्ड जेफरसन उतरला, आणि क्लीव्हलँडने वॉरियर्सना 30 गुणांनी हरवलं.