फोटो नंबर ६ बद्दल तुमचं बरोबर आहे, सर

नमस्कार सर,

स्विफ्टला पार्किंगमध्येच लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंग) आणि नवे स्ट्रट (पुढच्या चाकांचे शॉकअप, ज्यांच्याभोवती स्प्रिंग बसते) बसवल्याच्या माझ्या लेखावर तुम्ही जे लिहिलंत, ते मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, खोटं कशाला बोलू. बाकीच्यांना शोधत बसावं लागू नये म्हणून तुमचे मुद्दे थोडक्यात इथे देतो. स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं अवजार) हे घरी खेळायचं खेळणं नाही आणि माझ्यासारखे लोक पोरांना भरीला घालतात. जमिनीपासून १७० मिलिमीटर क्लिअरन्सची गाडी १४० वर आणून आपल्याकडच्या पावसाळ्यात चालवणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. हे कायद्यात बसत नाही, ते मी लपवलं. आणि फोटो नंबर ६ मध्ये ड्रायव्हरच्या बाजूची स्प्रिंग बशीत, म्हणजे स्ट्रटवरच्या तिच्या बैठकीत, नीट बसलेलीच नाही. आयटीआयमध्ये ३० वर्षं शिकवल्याचं तुम्ही अगदी शेवटी लिहिलंत. ते आधी लिहिलं असतंत तर माझा राग अर्ध्यावरच विझला असता.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण त्याने माझी झोप उडवली.

रात्री साडेदहाला टॉर्च घेऊन खाली गेलो. स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि चाकाच्या कमानीत मान घातली. स्ट्रटच्या खालच्या बशीला एक पायरी असते आणि स्प्रिंगचं कापलेलं टोक त्या पायरीला टेकलेलं हवं. माझं टोक पायरीपासून चांगलं बोटभर लांब होतं. दुसऱ्या बाजूला जाऊन पाहिलं, तर तिथे मध्ये नख शिरणार नाही इतकं चपखल बसलेलं. गेले तीन आठवडे पार्किंगमधून गाडी काढताना स्टिअरिंग वळवलं की 'टण्' असा एक आवाज यायचा. लेखात मी तो 'नवी स्प्रिंग आहे, बसेल हळूहळू' म्हणून उडवून लावला होता. मनात मात्र स्ट्रटच्या वरच्या बेअरिंगवर संशय होता आणि नवं बेअरिंग मागवूनही झालं होतं. गाडी रोज माझ्या नजरेसमोर, आणि दोष दिसला तुम्हाला, तोही मोबाइलवरच्या फोटोत. सोनारानेच कान टोचले ते बरं झालं.

चूक कशी झाली हेही सांगतो. डाव्या बाजूला मेव्हणा मदतीला होता. तो स्ट्रट धरून उभा राहिला आणि मी कॉम्प्रेसरचे दोन्ही बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा सोडत गेलो. उजव्या बाजूच्या वेळी तो निघून गेलेला, दुपारचे अडीच वाजलेले, आणि वरून लेक जेवायला हाका मारत होती. मी एका बाजूचा बोल्ट भराभर सोडला. दोन आकड्यांच्या (हुकांच्या) कॉम्प्रेसरमध्ये असं केलं की स्प्रिंग एका अंगाला वाकते, सुटताना स्वतःभोवती थोडी फिरते आणि टोक पायरीवरून सरकतं. टोक टेकलंय हे मी सोडण्याआधी पाहिलं होतं, सोडल्यावर पाहिलं नाही. वरचा नट आवळला, फोटो काढला आणि जेवायला गेलो.

कॉम्प्रेसरच्या धोक्याबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही, उलट लेखात राहून गेलेली एक गोष्ट जोडतो. 'नवी स्प्रिंग अगदी सहज बसली' असं मी लिहिलं होतं. ते खरं आहे, पण अर्धवट आहे. लोअरिंग स्प्रिंग मुळातच आखूड, त्यामुळे ती बसवताना फार दाबावी लागत नाही. जीव घेणारी असते ती जुनी. स्विफ्टच्या पुढच्या एका चाकावर साधारण ३०० किलोचा भार येतो. तो पेलणारी लांब स्प्रिंग स्ट्रट गाडीतून काढल्यावरही दाबलेलीच असते आणि तिला धरून ठेवणारा वरचा नट एकच. कॉम्प्रेसर लावून स्प्रिंग बशीत सैल झाल्याची खात्री न करता कोणी तो नट काढला, तर वरचं माउंटिंग थेट तोंडावर येईल. हे वाक्य लेखात ठळक अक्षरांत असायला हवं होतं. आज टाकलंय.

पण 'हे काम गॅरेजवाल्यावर सोडा' या तुमच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस आहे मी. दोन वर्षांपूर्वी मागचे शॉकअप मी गॅरेजमध्येच बदलून घेतले होते. पोराने गाडी लिफ्टवर असतानाच, चाकं लोंबत असताना, खालचे बोल्ट गनने खाडकन आवळून टाकले. तुम्हाला सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगतो. तिथल्या बुशमधलं (सांध्यातल्या रबरी नळकांड्यातलं) रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर आल्या क्षणापासून ते रबर कायमचं पिळलेलं राहतं. म्हणून शेवटचं आवळणं गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच करायचं. पाच महिन्यांत दोन्ही बुश फाटले. तक्रार घेऊन गेलो तर उत्तर मिळालं, 'रस्तेच तसे आहेत, साहेब.' त्या दिवसापासून टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळायचा पाना) माझा मी घेतला. त्या पोराला हे कोणी शिकवलंच नसेल, हेही मला कळतं. तुमच्या हाताखाली असता तर कदाचित असं झालं नसतं.

पोरांना भरीला घालण्याबद्दल थोडं सविस्तर बोलायचंय. गाडी खाली बसवायची हौस माझ्या लेखामुळे येत नाही, ती आधीपासूनच असते. ती भागवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे कंपनीच्या स्प्रिंगचे दोन वेढे ग्राइंडरने कापणे. माझ्या ओळखीतल्या दोघांनी हेच केलंय. कापलेली स्प्रिंग मूळच्या लांब शॉकअपवर बसवली की खड्ड्यात चाक खाली लोंबल्यावर ती बशीत सैल होते आणि परत आदळताना कुठेही बसते. शिवाय बंप स्टॉपपर्यंतचं (चाक फार वर आलं की अडवणाऱ्या रबरापर्यंतचं) अंतर कमी झालेलं असतं, पण डॅम्पर, म्हणजे शॉकअप, जुन्याच हिशेबाचा. मग गाडी रबरावर उड्या मारत चालते आणि शॉकअप गळायला लागतात. मी स्प्रिंगच्या जोडीला आखूड अंगाचे स्ट्रट घेतले ते याचसाठी. चाक पूर्ण लोंबलं तरी स्प्रिंग बशीतच अडकून राहते. अर्थात टोक पायरीला टेकलेलं असेल तर, हे आता मी कुठल्या तोंडाने सांगू!

रस्त्यांबद्दल तुम्ही म्हणता ते निम्मं मान्य. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) प्रमाणानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. तसा असेल तर माझी गाडी सुखाने पार होते. पण आमच्या ऐरोलीतल्या सेक्टरमधले गतिरोधक म्हणजे डांबराच्या वळकट्या. एकटा असेन तर तिरकी घालून निघतो. आई-बाबा मागे बसले की खालून खर्रर्र होतं आणि बाबा काही न बोलता आरशातून माझ्याकडे पाहतात. महापेपर्यंतच्या रोजच्या जाण्यायेण्यात काही अडचण नाही. ठाण्याला आत्याकडे जायचं आणि बाहेर पाऊस असला की विटाव्याच्या रेल्वे पुलाखालच्या पाण्याची आठवण येते आणि मी गुपचूप लोकल पकडतो. याला तुम्ही मूर्खपणा म्हणा, मी हौस म्हणतो. तिची किंमत मीच मोजतोय.

कायद्याबाबत मात्र मी अळीमिळी गुपचिळी केली होती, हे कबूल. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ मधला सुप्रीम कोर्टाचा निकाल मला माहीत होता. उत्पादकाच्या मूळ नोंदलेल्या तपशिलापेक्षा वाहन वेगळं होईल असा बदल करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लेखाच्या सुरुवातीलाच आता हे लिहिलंय. ज्याला करायचंय त्याने निदान डोळे उघडे ठेवून करावं. माझ्या जुन्या स्प्रिंग वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवल्यात.

येत्या रविवारी ड्रायव्हरच्या बाजूचा स्ट्रट पुन्हा खाली उतरवतोय. रबाळे एमआयडीसीत एका मित्राचं वर्कशॉप आहे, त्याच्याकडे भिंतीला बसवलेला कॉम्प्रेसर आहे. स्ट्रट तिथे घेऊन जाईन, म्हणजे ते दोन आकड्यांचं प्रकरण नको. तोवर गाडी जागची हलणार नाही. नंतर टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेर कोन) पुन्हा तपासून घेईन.

एक विचारायचं राहिलं. खालच्या बशीत जी रबराची पट्टी असते, तिच्यावर स्प्रिंगचं टोक घासून अर्धा सेंटिमीटरचा काप पडलाय, टॉर्चच्या उजेडात नीट दिसला. कापाच्या जागी रबर अजून मऊ आहे. तीच पट्टी परत टाकली तर चालेल, की दोन्ही बाजूंच्या जोडीने बदलू?