बंदुकीचं दुकान आहे की खेळण्यांचं?

काल बारा बोरची दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, घ्यायला दुकानात गेलो आणि डोकं फिरून परत आलो. काउंटरवरच्या पोऱ्याने बंदूक उचलली ती नळी न उघडता, आणि सरळ माझ्या पोटाकडे तोंड करून पुढे केली. बोट चापावर! शेजारी एक माणूस लहान पोराला घेऊन उभा होता. याने बंदूक फिरवली तशी नळी त्या लेकराच्या कपाळासमोरून गेली. मी म्हटलं, "भाऊ, आधी नळी उघडून दाखव. आत काडतूस नाही हे माझ्या डोळ्यांना दिसू दे." तर पोरगा हसला. मालक गल्ल्यावरूनच म्हणाला, "पहिल्यांदा घेताय वाटतं काका? घाबरू नका, मोकळीच असते."

मोकळीच असते म्हणे! साफ करताना गोळी सुटून माणूस गेल्याच्या बातम्या वाचतो ना आपण? त्या याच दोन शब्दांमुळे घडतात. अंगठ्याने वरची कळ सरकवली की दुनळी मधून वाकते, काडतुसांची दोन्ही घरं उघडी पडतात, झालं. एवढंही करायला जिवावर येतं? आणि वर हसायचं कोणाला, तर विचारणाऱ्याला! मी तिथेच सुनावलं. मालकाचं उत्तर काय, तर कव्हर आणि पट्टा फुकट देतो. मी निघून आलो.

या लायसन्ससाठी काय काय केलं ते घरच्यांना विचारा. सातपुड्याच्या पायथ्याला शेत. रात्रीतून रानडुकरं मका झोपवतात, केळीची बाग उकरतात. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळी, हे मला माहीत आहे. तरी सातबारा, डॉक्टरचा दाखला, पोलीस चौकशी, सगळं केलं. गावात प्रत्येकाचा एकच प्रश्न, "काय भो, कोणाचा नंबर लावला?" आणि तिकडे मध्य प्रदेश सीमेवरच्या उमर्टीचे गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या चोपड्याकडून येतच असतात. ते कट्टे घेणाऱ्याकडे कोण मागतं दाखला?

लग्नात हवेत बार काढणाऱ्यांची तर मला मनापासून चीड आहे. वर गेलेली गोळी कुठे ना कुठे खाली येतेच. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून त्याला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुकानात हे कोणी तोंडाने सांगतं का? वरातीत बंदूक घेऊन फोटो काढणारे तेवढे दिसतात.

नेमबाजीच्या रेंजवरही तीच गत. लायसन्ससाठी २०१६ च्या नियमांनी शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण सक्तीचं केलं, उत्तम केलं. पण तिथे माझ्या हातात दिली काय, तर १० मीटरवर मारायची एअर रायफल! ४.५ मिलिमीटरचा छर्रा, खांद्याला धक्का म्हणून नाही. चार छर्रे मारले, सही, शिक्का, चला पुढचे. बारा बोरचा दस्ता खांद्यात घट्ट बसवला नाही तर गालफड फुटतं, हे सांगायला कोणी नाही. चाप ओढूनही बार निघालाच नाही तर नळी समोरच धरून थांबायचं, लगेच उघडायची नाही, हेही मी विचारलं तेव्हा कळलं. विचारलं नसतं तर?

आम्ही शेतकरी माणसं, पहिल्यांदा बंदूक धरणार. काडतुसांचे पैसे भरायला तयार आहोत, दिवस मोडायला तयार आहोत. जे हत्यार लायसन्सवर लिहिलंय तेच हातात देऊन शिकवा, आणि येत नसेल त्याला सर्टिफिकेट देऊ नका. मलासुद्धा.